पाठ दाखवण्याची कला

मराठीत शत्रूला पाठ दाखवणं म्हणजे पळ काढणं. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या एका जुन्या पठडीत मात्र पाठ दाखवायला छाती लागते. चाली चालवणारा क्वार्टरबॅक रांगेच्या मधोमध वाकलेल्या सेंटरच्या मागे चिकटून उभा राहतो, त्याच्या दोन पायांमधून चेंडू हातात घेतो आणि समोरचे दांडगे गडी अंगावर धावून येत असताना सरळ त्यांच्याकडे पाठ करून चेंडू घेऊन धावणाऱ्या टेलबॅकच्या दिशेने वळतो. चेंडू दिल्यासारखं करतो, देत नाही. ते सेकंद-दीड सेकंद त्याला समोरचं मैदान दिसत नाही. पुन्हा तोंड फिरवेल तेव्हा कोण कुठे पोचलेलं असेल, हे त्याने चेंडू हातात येण्याआधीच ताडलेलं असावं लागतं. मला कोणी विचारलं की 'प्रो-स्टाइल ऑफेन्स' म्हणजे नक्की काय, तर मी त्या दीड सेकंदाकडे बोट दाखवतो. हे पुस्तक त्याबद्दलच आहे.

मिशिगन, पर्ड्यू, इलिनॉय, टेक्सास ए अँड एम अशा विद्यापीठांत एमएस करायला गेलेल्या मराठी मुलामुलींना हेमंतातल्या शनिवारी एक धक्का बसतो. आठवडाभर पुस्तकांत डोकं घातलेलं गाव एकाएकी एकाच रंगाचे कपडे घालून मैदानाकडे चालू लागतं. अ‍ॅन आर्बरच्या मैदानात 1,07,601 माणसं बसतात. आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांच्या गावांत तेवढी वस्ती नसते. मीही त्या गर्दीत असाच गेलो होतो, क्रिकेटवर पोसलेले डोळे घेऊन. पहिल्या तासात माझं मत असं झालं की हा खेळ म्हणजे पाच सेकंदांची मारामारी आणि पाऊण मिनिटाची मीटिंग. शेजारी कानाला रेडिओ लावलेले एक आजोबा होते. माझी चुळबुळ बघून ते म्हणाले, "चेंडूकडे बघू नकोस. गार्डकडे बघ." त्या वाक्याचा अर्थ कळायला मला दोन मोसम लागले. कळल्यावर मात्र ती मीटिंगच जास्त रंजक वाटायला लागली.

नियम लागतील तेवढेच सांगतो. अकरा विरुद्ध अकरा. चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउनमध्ये, दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार मिळतात. ऑफेन्सचे, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे आहे त्या संघाचे, निदान सात जण चेंडूच्या रेषेवर हवेत. उरलेल्या चौघांना कुठे उभं करायचं याची मुभा आहे, आणि फुटबॉलच्या डावपेचांचा सगळा इतिहास या चौघांच्या जागेवरून झालेल्या भांडणांचा आहे. शब्दांचं म्हणाल, तर मी बहुतेक मूळचेच ठेवले आहेत. क्वार्टरबॅकला 'पावपाठ्या' म्हणून बघितलं होतं; घरात दोन दिवस हसणं चाललं. मग नाद सोडला.

आता व्याख्येकडे. प्रो-स्टाइल म्हटलं की जाणकार एक यादी म्हणून दाखवतात: क्वार्टरबॅक सेंटरला लागून, मागे एका ओळीत वाट मोकळी करणारा फुलबॅक आणि टेलबॅक, रांगेच्या टोकाला टाइट एंड, प्रत्येक चालीआधी हडल म्हणजे घोळक्यातली मसलत, मधूनच प्ले-अ‍ॅक्शन, नाहीतर पाच-सात पावलं मागे जाऊन पास. यादीत चूक नाही, पण यादीने काम भागत नाही. 1968 साली टेक्सासमध्ये एमरी बेलार्ड यांनी विशबोन नावाची रचना बसवली. तिच्यातही क्वार्टरबॅक सेंटरला लागूनच उभा असे, तिच्यातही फुलबॅक होता, आणि त्या जोरावर टेक्सासने लागोपाठ तीस सामने जिंकले. तिला कोणी प्रो-स्टाइल म्हटलं नाही. कारण विशबोनमधला क्वार्टरबॅक धावता धावता एका माणसाकडे बघून ठरवतो: तो माझ्यावर आला तर चेंडू दुसऱ्याला, दुसऱ्यावर गेला तर माझ्याकडे. याला 'ऑप्शन' म्हणतात. निर्णय खराच, आणि अवघडही. पण तो डोळ्यांसमोरच्या एका माणसापुरता. प्रो-स्टाइलमध्ये क्वार्टरबॅकच्या डोक्यावर अकराच्या अकरा जणांचा भार असतो, आणि त्यातला निम्मा भार चेंडू हलण्याआधीच उचलायचा असतो. रांगेत उभं राहिल्यावर डिफेन्स कशी मांडली आहे ते वाचायचं, कोणता लाइनमन कोणाला धरणार ते बदलायचं, गरज पडली तर हडलमध्ये ठरलेली चाल मोडून दुसरी ओरडायची. भार कोणाच्या डोक्यावर, या एका प्रश्नावर पठडी ठरते असं माझं मत आहे. उभं राहण्याच्या जागा त्यातून आपोआप निघतात.

आजोबांच्या गार्डकडे येतो. सेंटरच्या दोन्ही बाजूंना उभे असतात ते गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. 'पॉवर' नावाची चाल घ्या. या पठडीतली ही भाजी-भाकरी. समजा उजवीकडून घुसायचं आहे. उजव्या बाजूचे गार्ड, टॅकल आणि टाइट एंड आपापल्या समोरच्याला आत, म्हणजे डावीकडे रेटतात. भिंतच्या भिंत सरकते. टोकाला एक माणूस मोकळा राहतो. त्याला फुलबॅक येऊन बाहेर ढकलतो. आत सरकलेली भिंत आणि बाहेर ढकललेला माणूस यांच्यामध्ये दार तयार होतं. आणि डावा गार्ड, दीडशे किलोच्या आसपासचा गडी, आपली जागा सोडून रांगेच्या मागून धावत येतो आणि त्या दारातून सगळ्यांच्या आधी आत शिरतो. त्याच्या पाठीला चिकटून टेलबॅक. यात लपवाछपवी काही नाही. समोरच्याला माहीत असतं काय येतंय. थांबवून दाखव, एवढंच आव्हान.

ही चाल आठ-दहा वेळा झाली की समोरच्या लाइनबॅकरला, म्हणजे डिफेन्सच्या रांगेमागे उभ्या असलेल्या गड्याला, सवय लागते. डावा गार्ड हलला रे हलला की तो उजवीकडे झेप घेतो. म्हणूनच आजोबा गार्डकडे बघ म्हणाले होते. लाइनबॅकरही तिकडेच बघत असतो. आणि मग अकराव्या वेळी गार्ड तसाच निघतो, फुलबॅक तसाच धावतो, टेलबॅक पोटाशी हात दुमडून तसाच घुसतो, क्वार्टरबॅक पाठ फिरवतो, आणि चेंडू त्याच्या मांडीमागे लपलेला असतो. लाइनबॅकर दोन पावलं पुढे आलेला. ती दोन पावलं म्हणजेच प्ले-अ‍ॅक्शन. त्याच्या मागे रिकाम्या पडलेल्या जागेत टाइट एंड पोचतो तेव्हा क्वार्टरबॅक पुन्हा समोर वळतो. या कुळातली एक चाल प्रशिक्षक जॉन ग्रुडन यांनी टीव्हीवर इतकी गाजवली की तिचं नाव चहाच्या कपांवर छापायच्या लायकीचं झालं: 'स्पायडर टू वाय बनाना'. यात वाय म्हणजे टाइट एंड, आणि बनाना म्हणजे त्याची केळ्यासारखी वाकडी धाव. आधी बाजूला सटकलेल्या फुलबॅककडे बघायचं, तो अडकला असेल तर केळ्याकडे. शॉटगनमध्ये क्वार्टरबॅक पाच यार्ड मागे उभा असतो, त्याला पाठ फिरवावी लागत नाही, सगळं दिसत राहतं. पण बहाणाही मग थोडा फिका पडतो. दिसणं आणि लपवणं यांचा हा सौदा आहे.

'प्रो' हे विशेषण कुठून आलं याची गोष्ट थोडी गमतीची आहे. 1940 साली क्लार्क शॉनेसी स्टॅनफर्डला आले. आदल्या वर्षी या संघाने एकच सामना जिंकला होता. शॉनेसींनी क्वार्टरबॅकला सेंटरला लावलं, टी-फॉर्मेशन शिकवली, आणि तेच विद्यार्थी मोसमाअखेरचा रोझ बोल धरून दहाच्या दहा सामने जिंकले. त्याच वर्षी 8 डिसेंबरला शिकागो बेअर्सने व्यावसायिक विजेतेपदाच्या सामन्यात वॉशिंग्टनला 73-0 असं धुतलं, तेही टी-फॉर्मेशनवरच, आणि त्या तयारीत शॉनेसींचाही हात होता. म्हणजे एकाच माणसाच्या वहीतून विद्यार्थी आणि व्यावसायिक दोघेही खेळत होते. तेव्हा 'प्रो-स्टाइल' हा शब्द कोणी उच्चारला असता तर लोकांनी विचारलं असतं, मग दुसरी स्टाइल कोणती?

दुसरी स्टाइल नंतर आली, आणि ती येण्याला चांगली कारणं होती. त्यातलं एक चक्क चुन्याच्या रेघांचं आहे. मैदानाची रुंदी दोन्हीकडे सारखीच, 160 फूट. पण चेंडू ज्या दोन खुणांच्या दरम्यान ठेवायचा त्या हॅश मार्कमधलं अंतर व्यावसायिक खेळात 1972 पासून साडेअठरा फूट आहे. कॉलेजमध्ये 1993 पासून 40 फूट, त्याआधी तर याहून जास्त होतं. हिशेब करा. कॉलेजमध्ये चेंडू एका खुणेवर असला की एका बाजूला 60 फूट आणि दुसऱ्या बाजूला 100 फूट मोकळी जागा. व्यावसायिक मैदानात चेंडू कायम मध्याच्या आसपास. मोठ्यात मोठी बाजू 90 फुटांच्या आतच. ज्याच्याकडे 100 फुटांचं अंगण आहे तो त्यात पोरांना पळवणारच. ऑप्शन कॉलेजात फोफावला यात रांगडेपणापेक्षा भूमितीचा वाटा मोठा आहे. दुसरं एक कारण नियमांचं: पास टाकताना लाइनमन कॉलेजमध्ये तीन यार्डांपर्यंत पुढे गेलेला चालतो, व्यावसायिक खेळात एकच यार्ड. त्या दोन यार्डांवर 'धाव की पास, आयत्या वेळी ठरवू' अशा चालींचं सगळं दुकान उभं आहे.

तिसरं कारण वेळेचं. कॉलेजच्या खेळाडूला मोसमात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त सराव लावायचा नाही असा नियम आहे. बाकी वेळात त्याने अभ्यास करावा अशी अपेक्षा. व्यावसायिकाचा तर हाच धंदा. अकरा जणांना वाचायची विद्या एकोणीस वर्षांच्या पोराला वीस तासांत किती शिकवणार? हॅल ममी आणि माइक लीच यांनी आयोवा वेस्लियन या छोट्या कॉलेजात 1989 पासून उलटा विचार केला: चाली कमी ठेवा, पण त्या झोपेतही येतील इतक्या घोटा. त्यातून 'एअर रेड' निघाली. प्रो-स्टाइलवाले तिला 'सोपी' म्हणून नाक मुरडत. एखाद्या गवयाने तीनच राग निवडून आयुष्यभर तेच गावेत, तर त्याला आळशी म्हणण्याआधी ऐकून तरी बघावं.

कॉलेजमध्ये 'प्रो' हा शब्द खऱ्या अर्थाने विकायला काढला तो हॉवर्ड श्नेलेनबर्गर यांनी. मायामी डॉल्फिन्स 1972 साली एकही सामना न हरता विजेते झाले तेव्हा ऑफेन्सची सूत्रं त्यांच्याकडे होती. 1979 साली ते मायामी विद्यापीठात आले. संघ इतका गाळात होता की विद्यापीठात फुटबॉल ठेवायचा की नाही इथून चर्चा. त्यांनी पोरांच्या आईबापांना सांगितलं: इथे तुमचा मुलगा तेच शिकेल जे पुढे पोटापाण्याला लागेल. पेन स्टेटला जिम केली लाइनबॅकर म्हणून हवा होता. मायामीने त्याला क्वार्टरबॅक म्हणून घेतलं. 1979 मध्ये केली पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळला तो नेमका पेन स्टेटविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर, आणि मायामी 26-10 ने जिंकली. सूड असा व्हावा.

मायामीचा त्यानंतरचा एक सामना या पुस्तकात मी सगळ्यात सावकाश सांगितला आहे: 2 जानेवारी 1984, ऑरेंज बोल. एकीकडे टॉम ऑस्बोर्न यांचं नेब्रास्का, ऑप्शनच्या जोरावर त्या मोसमात सामन्याला सरासरी 52 गुण करणारं, अपराजित. दुसरीकडे मायामीचा पहिल्याच मोसमातला क्वार्टरबॅक बर्नी कोसार; हातपाय लांब, पळायला यथातथा, त्या रात्री 300 यार्डांचे पास. चौथ्या भागात मायामी 31-17 पुढे. नेब्रास्काने गाठत गाठत 48 सेकंद उरले असताना 31-30 केलं. एक किक मारली की बरोबरी, आणि बरोबरीतही विजेतेपद बहुतेक त्यांचंच. कॉलेजमध्ये तेव्हा जादा वेळ नव्हता. ऑस्बोर्न बरोबरीला जायला तयार नव्हते. दोन गुणांसाठी गेले. आणि वर्षभर धावून धावून सगळ्यांना लोळवणाऱ्या संघाने शेवटची चाल कोणती निवडली? पास. टर्नर गिलने उजवीकडे सरकत जेफ स्मिथकडे चेंडू फेकला, मायामीच्या केन कॅलहूनची बोटं मध्ये लागली, संपलं. त्या बोटांनी 'प्रो-स्टाइल'चा भाव किती वाढवला, हे पुढची दहा वर्षं मायामीकडे खेळायला आलेल्या पोरांच्या रांगेवरून समजतं.

बिल वॉल्श आणि त्यांच्या आखूड, तालावर मोजलेल्या पासांबद्दल इथे लिहीत नाही. त्यांना वेगळं प्रकरण दिलं आहे. साउदर्न कॅलिफोर्नियाबद्दलही नाही, त्यांच्याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला थांबायचंय ते पुन्हा स्टॅनफर्डपाशी. 2007 नंतर जिम हार्बॉ आणि त्यांच्यामागून डेव्हिड शॉ यांनी, सगळा देश पसरून, पळत, हडल न करता खेळत असताना, उलटी गंगा वाहवली. सहा-सात-आठ लाइनमन एका वेळी मैदानात. पॉवर, पुन्हा पॉवर. 7 नोव्हेंबर 2013 ला समोर अपराजित ओरेगन होतं, त्या काळातलं सगळ्यात वेगवान यंत्र. स्टॅनफर्डने टायलर गॅफनीच्या हाती 45 वेळा चेंडू दिला. साठ मिनिटांच्या सामन्यात चेंडू 42 मिनिटं 34 सेकंद स्टॅनफर्डकडे होता. ओरेगनचं यंत्र बाकावर बसून राहिलं. शेवटी त्यांनी धावाधाव केली, पण 26-20. मी तो सामना रेकॉर्डिंगवर तीनदा पाहिला आहे. घरच्यांना तो कंटाळवाणा वाटतो, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं म्हणता येत नाही.

आता या नावातली अडचण. ज्या 'प्रो'ची ही नक्कल, तो प्रो जागेवर थांबला नाही. आणि हलणाऱ्यांत खुद्द हार्बॉही होते. स्टॅनफर्ड सोडून ते सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाकडे गेले, आणि 12 जानेवारी 2013 ला त्यांचा क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक याने ग्रीन बेविरुद्ध 181 यार्ड स्वतःच्या पायांनी काढले. कोणत्या विद्येवर? नेवाडाच्या क्रिस ऑल्ट यांनी 2005 साली काढलेल्या 'पिस्तूल' रचनेवर. केपर्निक कॉलेजात त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. म्हणजे गुरू शिष्याची वही उतरवायला बसला. 2017 साली कॅन्सस सिटीने एअर रेडमधून आलेला पॅट्रिक महोम्स निवडला. वर्षभर तो ज्याच्यामागे उमेदवारी करत राहिला तो अ‍ॅलेक्स स्मिथसुद्धा युटामध्ये अर्बन मायर यांच्या 'स्प्रेड'मध्ये, म्हणजे खेळाडू मैदानभर पसरवणाऱ्या पठडीत, घडलेला. मग प्रो-स्टाइल कोणाची?

या शब्दाने एक नुकसानही केलं आहे, ते प्रस्तावनेतच सांगितलेलं बरं. शाळकरी क्वार्टरबॅकची प्रतवारी करणाऱ्या संस्थांनी वर्षानुवर्षं दोन खण ठेवले: 'प्रो-स्टाइल' आणि 'ड्युअल-थ्रेट'. एक डोक्याचा, एक पायांचा. आणि कृष्णवर्णीय मुलगा दिसला की त्याला दुसऱ्या खणात टाकायला हात सहज जात असे. वॉरन मून 1978 च्या रोझ बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण त्याला व्यावसायिक लीगच्या निवडीत कोणी घेतलं नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनकडून पाच ग्रे कप जिंकला, मग परत येऊन हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला. चाळीस वर्षांनी लमार जॅक्सनला रिसीव्हर हो म्हणून सुचवलं गेलं. पुढच्याच वर्षी, 2019 च्या मोसमात, तो एकमताने सर्वोत्तम खेळाडू ठरला. भार डोक्यावर असतो असं मी वर म्हटलं. कोणाचं डोकं भार पेलेल हे त्वचा बघून ठरवणारेही याच खेळात होते, आणि त्यांच्या तोंडी हाच शब्द होता.

तरीही मी हा शब्द टाकून देत नाही, कारण पठडी मेलेली नाही. 11 नोव्हेंबर 2023 ला मिशिगनने पेन स्टेटविरुद्ध दुसऱ्या अर्ध्यात लागोपाठ 32 वेळा धाव घेतली. मध्ये एकच पास फेकला गेला, तोही समोरच्यांच्या चुकीमुळे हिशेबात धरला नाही. 24-15. त्याच मोसमात ते विजेते झाले. रचना शुद्ध जुनी नव्हती, शॉटगन होती, पिस्तूल होतं. पण टाइट एंड होते, धावणारा गार्ड होता, आणि रांगेत उभं राहून डिफेन्स वाचणारा क्वार्टरबॅक होता.

सध्या मला सगळ्यात उत्सुकता आहे ती एका छोट्या यंत्राची. व्यावसायिक क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज 1994 पासून ऐकू येतो. कॉलेजात ते नव्हतं. म्हणून चाल उभी राहिली की अकराच्या अकरा माना बाजूच्या रेषेकडे वळायच्या, तिथे कोणीतरी हातवारे करत असे, कोणी चित्रांचे फलक धरून उभं असे. डिफेन्स वाचायचं काम प्रशिक्षकाने करायचं, पोरांनी वर बघून ऐकायचं. 2024 पासून कॉलेजच्या वरच्या गटातही हेल्मेटमध्ये आवाज आला. पण घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो बंद पडतो. मी आता सामना बघताना ते पंधरा सेकंद मोजतो. आवाज थांबतो, क्वार्टरबॅक एकदा डावीकडे बघतो, एकदा उजवीकडे, गार्डच्या पाठीवर थाप मारून काहीतरी बदलतो, आणि सेंटरच्या मागे वाकून हात पुढे करतो.